जगबुडीनंतरचे स्वस्तातले सिनेमे खोटे का वाटतात?

प्रश्न असा आहे: "आम्ही चार-पाच मित्र मिळून सिनेमा करतोय. मराठवाड्यात पाऊस थांबून पंधरा वर्षं झालीत, गावं ओस पडलीत, उरलेल्या पाण्यासाठी मोटारसायकलींवरून टोळ्या फिरतायत, अशी गोष्ट आहे. हातात तीस-पस्तीस लाख रुपये आहेत. या धाटणीचे परदेशातले कमी खर्चाचे सिनेमे पाहिले, तर बहुतेक सगळे पहिल्या दहा मिनिटांतच खोटे वाटायला लागतात. हे पैशांमुळेच होतं ना? आणि व्हीएफएक्ससाठी, म्हणजे संगणकावर केलेल्या दृश्यांसाठी, किती पैसे बाजूला ठेवावेत?"

मी कला विभागात उमेदवारी करून पुढे कला दिग्दर्शक झालो. वेशभूषेच्या लोकांबरोबर खांद्याला खांदा लावून काम केलं. त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूने येणार.

पैसे कमी असले की सिनेमा लहान होतो. चार माणसं, एक घर, एक रस्ता यांवर भागवावं लागतं, आणि त्यात काही बिघडत नाही. खोटेपणा येतो तो ठरवाठरवी न केल्यामुळे. जग मोडून नेमका किती काळ गेला, मधल्या काळात लोक काय खाऊन जगले आणि रोजची कामं कोण करतं, या तीन गोष्टी बहुतेकांनी पक्क्या केलेल्याच नसतात. मग प्रत्येक विभागाला एकच सूचना जाते, "जरा उजाड-उजाड करा." कला विभाग भिंती पन्नास वर्षं जुन्या करतो, कपडेपट कपडे दोन आठवडे मळवतो, रंगभूषाकार गालावर कालची काजळी लावतो. प्रेक्षकाला यातलं काही मोजता येत नाही, पण हे सगळं एकाच जगातलं नाही हे त्याला लगेच जाणवतं.

दोन टोकं सांगतो. 1953 चा 'रोबोट मॉन्स्टर' लॉस एंजेलिसच्या ब्रॉन्सन कॅन्यनमध्ये चार दिवसांत उरकला होता, खर्च साधारण 16,000 डॉलर. पृथ्वीवर मोजून आठ माणसं उरली आहेत आणि त्यांच्या मागावर परग्रहावरचा राक्षस आहे. हा राक्षस म्हणजे गोरिलाच्या पोशाखावर पाणबुड्यासारखं शिरस्त्राण चढवलेला माणूस. जे हाताशी होतं ते वापरलं. आज लोक तो हसण्यासाठी बघतात. त्यानंतर नऊ वर्षांनी, 1962 मध्ये, क्रिस मार्करने पॅरिसमध्ये 'ला जेते' केला. तिसऱ्या महायुद्धानंतर जमिनीखाली राहणाऱ्या माणसांची 28 मिनिटांची गोष्ट, आणि तीही जवळजवळ सगळी स्थिरचित्रांत. हलणारं दृश्य एकच: झोपलेली बाई डोळे उघडते. आवाजात निवेदक, हृदयाचे ठोके आणि कैद्यावर प्रयोग करणाऱ्यांची जर्मन कुजबुज. पॅरिसवरचा जर्मन ताबा सुटून तेव्हा अठराच वर्षं झाली होती. ती कुजबुज कानावर पडली की आता सत्ता कुणाच्या हातात आहे हे तिथल्या प्रेक्षकाला वेगळं सांगावं लागत नव्हतं. त्या कुजबुजीला खर्च किती आला असेल, याचा विचार करा.

आता काळाचं बघू. 'मॅड मॅक्स' (1979) साडेतीन-चार लाख ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये झाला. दिग्दर्शक जॉर्ज मिलर पेशाने डॉक्टर. पैशांची इतकी ओढाताण होती की पोलिसांच्या पोशाखांपैकी दोघांचेच खऱ्या चामड्याचे होते, बाकीचे व्हायनिलचे. सुरुवातीच्या पाठलागात चक्काचूर होते ती व्हॅन मिलरची स्वतःची. पण त्यांनी काळ नेमका धरला होता: आजपासून थोडीच वर्षं पुढे. रस्ते शाबूत आहेत, घरात वीज आहे, मोडकळीला आली आहे ती कायद्याची व्यवस्था. त्यामुळे मेलबर्नच्या आसपासचे रस्ते आहेत तसे चालून गेले आणि एकही इमारत पाडावी लागली नाही. कारणही नेमकं होतं. 1973 च्या तेलटंचाईत पेट्रोलसाठी साधी माणसं एकमेकांच्या अंगावर धावून गेली होती, त्यातून हे जग सुचलं, असं सहलेखक जेम्स मॅककॉसलंड यांनी पुढे लिहिलं आहे.

1981 च्या दुसऱ्या भागात, कितीतरी मोठ्या बजेटवर, ब्रोकन हिलच्या वैराण मुलखात तीच गोष्ट पुढे गेली. पेट्रोल संपत आलंय हेच तिथलं कथानक, आणि तुऱ्यासारखे केस, चामडं, पिसं ही टोळ्यांची तऱ्हा त्या जगातून आली होती. नंतर जे झालं तो या प्रकाराचा सगळ्यात मोठा दोष म्हणता येईल. 1982 ते 84 च्या दरम्यान इटलीत आणि फिलिपिन्समध्ये त्याच्या नकला धडाधड निघाल्या. 'द न्यू बार्बेरियन्स', 'स्ट्रायकर', '2019: आफ्टर द फॉल ऑफ न्यू यॉर्क' ही त्यातली नावं. त्यांनी केस घेतले, खांद्यावरची चिलखतं घेतली आणि पेट्रोलचा प्रश्न मागे ठेवला. खडीच्या खाणींत गाड्या गरागरा फिरतात, पण इंधन येतं कुठून याची कुणाला फिकीर नाही.

ही फिकीर तुम्हाला हवी, कारण तुमच्याही गोष्टीत मोटारसायकली आहेत. बंद डब्यातलं साधं पेट्रोलसुद्धा साधारण सहा महिने ते वर्षभर नीट राहतं. नंतर त्यातला हलका भाग उडून जातो, चिकट गाळ धरतो आणि कार्ब्युरेटर तुंबतो. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओलावा ओढतं आणि तळाशी पाणी साठतं. डिझेल जरा जास्त टिकतं, पण पाणी शिरलं की त्यातही जंतू वाढून फिल्टर बंद पडतात. पंधरा वर्षांनी किक मारताच सुरू होणारी गाडी बघून गावाकडचा प्रेक्षक, ज्याने सहा महिने उभी असलेली स्कूटर सुरू करायला घाम गाळलाय, तुमच्यापासून तिथेच तुटतो.

अन्न आणि कामाबद्दल बोलायचं तर मी प्रत्येक नवशिक्याला 'थ्रेड्स' बघायला सांगतो. बीबीसीसाठी मिक जॅक्सनने दिग्दर्शित केलेला, बॅरी हाइन्सने लिहिलेला हा टीव्हीचा सिनेमा 23 सप्टेंबर 1984 ला दाखवला गेला. शेफील्ड शहर, अणुयुद्ध आणि नंतरची तेरा-एक वर्षं. हॉलिवूडच्या मानाने पैसा चिमूटभर. त्यात एक प्रतिमा आहे. चेहरा पट्ट्यांनी गुंडाळलेला, डोक्यावर वाहतूक कर्मचाऱ्याची टोपी, हातात बंदूक, असा एक माणूस पहाऱ्यावर उभा आहे. काही क्षणांचं काम. पण कालपर्यंत चुकीच्या जागी लावलेल्या गाड्यांना दंडाची चिठ्ठी लावणाऱ्याच्या हाती आज बंदूक आली, म्हणजे सरकारची काय गत झाली असेल, हे एका टोपीतून कळतं. तो कपडेपटाचा निर्णय होता. त्याच्या जागी कोपरापर्यंत खिळे ठोकलेलं चामडं चढवलं असतं तर खर्च वाढला असता आणि अर्थ गेला असता.

त्या सिनेमात निवेदक कोरड्या आवाजात सांगतो की पैशाला आता काही अर्थ उरलेला नाही, अन्न हेच चलन आहे: काम केलं तर मिळतं, शिक्षा म्हणून रोखलंही जातं. लगेच शेतात कुदळी मारणारी माणसं दिसतात, म्हणजे नुसतं सांगून सोडलेलं नाही. पुढे हल्ल्यानंतर जन्मलेली मुलं येतात. त्यांचं इंग्रजी तुटकं आहे, कारण शिकवायला कुणी उरलंच नव्हतं. एका जागी ही मुलं जुनी शैक्षणिक टेप बघत बसतात, दुसरीकडे जुन्या कापडांचे धागे उसवून पुन्हा वापरासाठी काढतात. आता या प्रकारातले इतर सिनेमे आठवा. वीस वर्षांनी जन्मलेली पोरगी शहरातल्या कॉलेजकुमारीसारखी घडाघड बोलते आणि अंगातला टी-शर्ट कुठून आला ते कुणी विचारत नाही.

बायकांच्या बाबतीत तर हे सिनेमे फारच आळशी आहेत. धोका दाखवायचा म्हटलं की बाईवर हल्ला, एवढंच त्यांना सुचतं. जळण कोण आणतं, बाळंतपण कोण करतं, दुखणाईताजवळ कोण बसतं, बियाणं कुणी जपून ठेवलंय, यांतून उभी राहणारी बाई क्वचितच दिसते. तुमच्या पटकथेतल्या प्रत्येक माणसापुढे त्याचं दिवसभराचं काम लिहून बघा. ज्याच्यापुढे काहीच लिहिता येत नाही ते पात्र अजून तयार झालेलं नाही.

आता माझ्या रोजच्या कामाकडे येतो. कपड्यांचं एजिंग, म्हणजे कपडा जुना आणि वापरलेला दिसेल असा करणं, नीट करायला पैसा थोडा लागतो, वेळ भरपूर लागतो, आणि कमी बजेटमध्ये पहिली कात्री यालाच लागते. शूटिंगच्या आदल्या रात्री नवे कपडे आणून त्यांवर मुलतानी माती मारली की झालं, असं धरून चालतात. कॅमेऱ्यात ते तसंच दिसतं: नव्या कपड्यावर सारखी पसरलेली धूळ. अंगावर वर्षभर असलेला सदरा सारखा मळत नाही. खांद्यांवर आणि पाठीच्या वरच्या भागावर तो उन्हाने विटतो. काखेत आणि गळपट्टीच्या आत घामाची पांढरी-पिवळी किनार धरते. कफ, खिशाची तोंडं आणि पँटच्या मांड्या, जिथे हात पुसले जातात, तिथे मळ काळा आणि चकचकीत होतो. गुडघे आणि बूड पातळ होतं. शिवणीच्या आतल्या बाजूला मात्र मूळ रंग शिल्लक असतो.

आम्ही हे करतो ते असं. जुन्या बाजारातून वापरलेला कपडा घ्यायचा, तोही सुतीच, कारण टेरिकॉट विटत नाही. आधी दोन-तीनदा गरम पाण्यात सोड्यात उकळून त्याचा ताठपणा मोडायचा. ओला असतानाच खिशांत दगड भरून दोरीवर टांगायचा, म्हणजे खिसे लोंबतात आणि कपडा अंगाचा आकार धरतो. वाळल्यावर कडांवर किसणी, गुडघ्या-कोपरांवर जाड सँडपेपर, मग चहाच्या पाण्याचा हलका हात, त्यावर जागा बघून गेरू आणि काजळी. धूळ सगळ्यात शेवटी. फाटलं असेल तिथे ठिगळ लावा. जग मोडल्यावर माणूस फाटका हिंडत नाही, तो शिवतो, आणि मिळेल त्या दोऱ्याने शिवतो. निळ्या सदऱ्यावर पांढऱ्या प्लास्टिकच्या सुतळीचा टाका दिसला की त्या माणसाकडे सुई आहे, दोरा नाही, आणि जगायची जिद्द आहे हे सगळं कळतं. प्रत्येक मुख्य पात्राचे निदान दोन सारखे जोड करा, आणि कोणत्या प्रसंगात कपडा किती मळलाय याचा फोटोंसह तक्ता ठेवा. शूटिंग उलटसुलट क्रमाने होतं. तक्ता नसला तर तिसऱ्या दिवशी कोरा दिसणारा सदरा दुसऱ्या दिवशी फाटलेला असतो.

हेच शरीराला. काजळी लावलेल्या गालांमध्ये पांढरेशुभ्र दात, कोरलेल्या भुवया, शांपूने फुललेले केस, सलूनमध्ये कड काढलेली दाढी. नटाला दोन महिने आधी सांगा, दाढी-केसांना हात लावू नकोस. नखं रंगवून घाण करता येतात, पण त्याने आठवडाभर मातीत हात घातले तर ती आपोआप होतात आणि हातांच्या हालचालीही बदलतात.

जागांबद्दल. ओसाड म्हणजे वाळवंट, ही समजूत स्वस्तातल्या सिनेमांनीच रुजवली, कारण वाळवंटात मोडण्यासारखं काही नसतं. माणूस गेला की बहुतेक ठिकाणी हिरवळ येते. चेर्नोबिलच्या अपघातानंतर 27 एप्रिल 1986 ला प्रिप्यत रिकामं केलं. आज त्या शहरातल्या इमारतींच्या मधे जंगल आहे. कोकणातलं घर दोन पावसाळे शाकारलं नाही तर वासे कुजतात आणि भिंतीच्या भेगेत पिंपळ रुजतो. मराठवाड्यात पावसाविना हे होणार नाही, तिथे वेडी बाभूळ तग धरेल तेवढी धरेल आणि गंजही हळू चढेल. गंज रंगवताना एक लक्षात ठेवा: तो स्क्रूपाशी, जोडापाशी, रंगाचा पापुद्रा उडालेल्या जागी सुरू होतो आणि पाण्याच्या वाटेने खाली ओघळतो. पाऊसच नसेल तर ओघळ कुठून येतील? तुमचा पेंटर सवयीने ओघळ काढेल, त्याला थांबवा.

आणि फ्लेक्स विसरू नका. आपल्याकडे आजच छपरावर, गोठ्यावर, पाण्याच्या टाकीवर वाढदिवसांच्या शुभेच्छांचे फ्लेक्स टाकलेले असतात. पंधरा वर्षांनी ऊन लागलेल्या बाजूचे चेहरे उडून पांढरे पडतील, प्लास्टिक तडकेल आणि घडीतल्या सावलीत अर्धं नाव शिल्लक राहील. हे दृश्य जगातला दुसरा कुठलाही कला दिग्दर्शक देऊ शकणार नाही, तुम्ही देऊ शकता.

खरे पडके अवशेष वापरायचे असतील तर जपून. 'द रोड' (2009) च्या पथकाने पेनसिल्व्हेनियातल्या वापरात नसलेल्या महामार्गावर आणि कट्रिना वादळानंतरच्या न्यू ऑर्लिन्समध्ये चित्रीकरण केलं. परिणाम जबरदस्त आहे. पण आपल्याकडे 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर सोडलेल्या गावठाणांत, किल्लारीच्या परिसरात, ज्यांची माणसं गेली ते लोक जवळच राहतात. कॅमेरा लावण्याआधी त्यांना जाऊन भेटा, गोष्ट सांगा, नको म्हणाले तर मुकाट्याने दुसरी जागा बघा. माझं याबाबत मत पक्कं आहे.

व्हीएफएक्सबद्दल थोडक्यात. गॅरेथ एडवर्ड्सच्या 'मॉन्स्टर्स'चा (2010) खर्च पाच लाख डॉलरच्या आत होता. मूठभर माणसं, साधा डिजिटल कॅमेरा, दोन मुख्य नट सोडले तर वाटेत भेटलेले लोकच नट, आणि इफेक्ट्स त्याने स्वतः संगणकावर बसून केले. त्यातले कितीतरी इफेक्ट्स रस्त्यावरच्या साध्या पाट्या बदलण्याचे आहेत: खऱ्या फलकाच्या जागी निषिद्ध क्षेत्राचा इशारा. प्रेक्षकाचं तिकडे लक्षही जात नाही, आणि जग मात्र बदलतं. मोडलेल्या गगनचुंबी इमारतींचे दहा कच्चे शॉट घेण्यापेक्षा अशा पाट्या बदला आणि विजेच्या तारा, मोबाइलचे टॉवर पुसा. तुमच्या रकमेत यासाठी तीन लाखांपुढे जायचं कारण दिसत नाही. कॅमेरा भारीच हवा असंही नाही. '28 डेज लेटर' (2002) बराचसा कॅनन एक्सएल वन या छोट्या कॅमेऱ्यावर झाला. रिकामं लंडन पहाटे काही मिनिटांपुरतंच मिळायचं, तेवढ्यात लहान कॅमेरे झटपट लावता येत होते. मर्यादेतून निघालेली ती दाणेदार प्रतिमा त्या गोष्टीला शोभली.

वाचलेला पैसा आवाजावर घाला. स्वस्तातल्या सिनेमात वारा आणि गंभीर घुमणारं संगीत एवढंच ऐकू येतं, कारण लोकेशनवर नोंदलेल्या आवाजात हायवे, जनरेटर आणि लांबच्या मंदिराचा भोंगा असतो आणि ते सगळं झाकायचं असतं. चांगला साउंड रेकॉर्डिस्ट रेकीलाच, म्हणजे शूटिंगआधी जागा बघायला जातानाच, बरोबर न्या. जागा डोळ्यांना कितीही आवडली तरी तो नको म्हणाला तर सोडा. जनरेटर लांब, टेकाडाच्या आड ठेवायला केबलचे जास्तीचे पैसे धरा. 'द बॅटरी' (2012) साधारण 6,000 डॉलरमध्ये झाला. त्यात शेवटी दोन माणसं गाडीत अडकून बसतात. कॅमेरा आतच, आणि बाहेर झॉम्बींची, म्हणजे चालत्या-फिरत्या मेलेल्यांची, गर्दी बरीचशी आवाजातूनच उभी राहते. शंभर एक्स्ट्रांचं काम तिथे पत्र्यावरच्या थापांनी केलंय. तुमच्या जगात पाऊस नाही, म्हणजे बेडूक नाहीत, रातकिडे कमी, पाखरं जवळजवळ नाहीत. मग काय ऐकू येतं? कोरड्या बादलीची कडी. घशातली खरखर. हे ऐकवा.

सुरुवातीचं लांबलचक निवेदन आणि जुन्या अणुस्फोटांची चित्रफीतही टाळा. 'द सर्व्हायव्हलिस्ट' (2015) पडद्यावर फक्त आलेख दाखवतो: तेल आणि लोकसंख्येच्या रेषा चढतात आणि मग कोसळतात. पुढे एक माणूस जंगलात आपला भाजीचा वाफा राखताना दिसतो आणि बराच वेळ बोलणंच नाही.

आता तुमच्या गोष्टीबद्दल. पाऊस थांबून पंधरा वर्षं झाली तर तिथे माणूसच उरणार नाही, ती माणसं नदीच्या किंवा समुद्राच्या दिशेने कधीच निघून गेलेली असतील. काळ तीन वर्षांवर आणा. म्हणजे घरं उभी, ट्रॅक्टर जागच्या जागी, शाळेच्या फळ्यावर शेवटची तारीख, टँकरचे वाळलेले पाइप, आणि प्रत्येकाला सुगी आठवतेय. आहे तसं गाव चालून जाईल. मोटारसायकली काढून टाका, पाणी राखणारे लोक पायी दाखवा. टोळीच्या म्होरक्याला चामडं नको. तो आधी काय करत होता ते ठरवा. टँकरचा मुकादम असेल तर फेऱ्यांची वही अजून त्याच्या काखेत असेल आणि पाण्याचा हिशेब तो त्याच वहीत करत असेल. पहिलं काम म्हणून पुढच्या आठवड्यात ती वही बनवून घ्या, आतली पानं त्या नटालाच स्वतःच्या अक्षरात भरायला लावा, आणि मग पटकथेचा पुढचा खर्डा लिहायला बसा.